माळावरची वहिवाट

दिवाळीची सुट्टी जवळ आली की वाळूजच्या घरांत दोन प्रश्न हमखास निघतात. कंपनीला किती दिवस सुट्टी आहे आणि मुलांना घेऊन कुठे जायचे? महाबळेश्वरच्या हॉटेलांचे भाव ऐकले की विषय तिथेच मिटतो. मग एखाद्या नातेवाइकाकडे दोन दिवस राहून येणे, एवढ्यावर सुट्टी संपते. वास्तविक वाळूजहून उत्तरेकडे मान वळवली तरी डोंगर दिसतात. आधी तीसगावचा खवड्या डोंगर, मग शरणापूरचा भांगसी मातेचा गड, त्यापुढे देवगिरीचा सुळका आणि त्याच्या मागे खुलताबाद-म्हैसमाळचे लांबच लांब पठार. कारखान्यांच्या भिंती आणि ट्रकांच्या रांगा यांच्यामुळे आपल्याला ते दिसूनही दिसत नाहीत, एवढेच.

गेल्या दिवाळीत आम्ही तीन घरे मिळून या डोंगरांवर सायकलने फिरलो. मोठी माणसे पाच, मुले चार. काही जण शिक्षक, काही कंपनीत. दोन सायकली गिअरच्या आणि जाड टायरच्या होत्या, बाकीच्या मुलांच्या शाळेला जायच्या साध्या. दादींना सायकल जमणार नव्हती, त्या सामानासह रिक्षाने खुलताबादला पोहोचल्या. तिथे नातेवाइकांच्या घरी चार दिवस मुक्काम केला. रोज फजरच्या नमाजनंतर निघायचे आणि जोहरच्या आत परतायचे, असा क्रम ठेवला.

डोंगरावर सायकल चालवण्याचा खेळ फार जुना नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टॅमल्पाइस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, दणकट सायकली घेऊन कच्च्या रस्त्याने खाली सुटायचे. १९७६ साली त्यांनी तिथे पहिली शर्यत लावली. उतार इतका कडक होता की मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जायचे आणि प्रत्येक खेपेनंतर नवे भरावे लागायचे. त्यातूनच पुढे जाड टायरच्या, जास्त गिअरच्या सायकली तयार झाल्या. आपल्याकडे मात्र दूधवाले, पेपरवाले आणि शेतमजूर कोणतेही नाव न देता वर्षानुवर्षे साध्या सायकलीवरून असल्याच वाटा तुडवत आले आहेत.

चांगली वाट कोणती?

डोंगरात सायकल न्यायची तर आधी जमीन ओळखावी लागते. आपला हा सारा मुलूख काळ्या बसाल्ट खडकाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला आणि त्याचे हे पठार झाले. थर सारखे नाहीत. एक कठीण, दुसरा ठिसूळ. कठीण थराचा कडा राहतो, ठिसूळ थर झिजून मुरूम होतो. म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात. देवगिरीचा तासलेला कडा आणि वेरूळची लेणी याच खडकातली.

सायकलवाल्याला या पायऱ्यांचा फार उपयोग. दोन कड्यांच्या मधे जी सपाटी असते, तिच्यावरून डोंगराला वळसा घालत जाणारी वाट मिळाली तर चढ सौम्य असतो, खाली मुरूम असतो आणि एका बाजूला दूरवरचा मुलूख दिसत राहतो. सरळ माथ्याकडे जाणारी वाट पाण्याने उकरलेली असते. तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पायथ्याच्या काळ्या जमिनीचे गणित वेगळे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात तिचा चिखल चाकाला असा चिकटतो की मडगार्डमध्ये अडकून चाक फिरतच नाही. मोठा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस काळीच्या वाटेला जाऊ नये. मुरूम मात्र उघडीप मिळाली की लवकर वाळतो.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. सप्टेंबरात माळ फुलांनी भरलेला असतो, तेरडा आणि सोनकी सगळीकडे. पण दगडावर शेवाळ असते आणि ब्रेक धरत नाहीत. दिवाळीत गवत पिवळे होते, कुसळे मोज्यांत घुसतात, पण वाट कोरडी असते. मार्चनंतर ऊन आणि वणवे. तेव्हा तो बेत सोडून द्यावा.

वाट शोधायची कशी?

आम्ही तीन मार्गांनी शोधल्या. पहिला, फोनवरचा नकाशा. उपग्रहाच्या चित्रात माळावरची पायवाट पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. पण ती वाट आज चालू आहे की मधे कुणी कुंपण घातले आहे, हे चित्र सांगत नाही.

दुसरा मार्ग, गावाचा नकाशा. भूमी अभिलेख खात्याचा प्रत्येक गावाचा नकाशा असतो आणि त्याची प्रत मिळते. त्यावर गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवलेली असते. गायरान, नाले आणि शिवही दिसते. आमच्या मुलांना हा नकाशा फार आवडला. भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा दुसऱ्यांच्या मुलखाचा वाटतो, हा आपल्या दाराबाहेरचा. एका रविवारी ते फरशीवर नकाशा पसरून रंगीत पेन्सिलीने तुटक रेषा गिरवत बसले होते. कुणी खेळायला हाक मारली तरी उठेनात.

तिसरा मार्ग सगळ्यांत खात्रीचा, तो म्हणजे विचारणे. शूलिभंजनच्या वरच्या माळावर एक म्हातारे गुराखी भेटले. मुलांनी सलाम केला आणि विचारले, "चाचा, ये रास्ता किधर कू जाता?" त्यांनी सायकलींकडे पाहून आधी पोटभर हसून घेतले. मग म्हणाले, "बकरी के पीछे मत जाव बेटा, वो कडे पे ले जाती. गाय-भैंस पानी कू जिधर से जाती ना, वो रास्ता पकडो." दोन दिवस आम्ही ही शिकवण पारखून पाहिली. शेळीची वाट कुठेही चढते आणि कुठेही संपते. गुरांची वाट रुंद असते, चढ कमी असतो आणि ती पाण्याशी नाहीतर गावाशी जाऊन मिळतेच. फोनच्या नकाशात असे काही सांगितलेले नसते.

तीन वाटा

नवशिक्यांनी शरणापूरपासून सुरुवात करावी. वाळूजहून साजापूर, करोडी करत जाता येते. महामार्ग टाळून आतल्या रस्त्याने गेले की ट्रकांचा त्रास नाही. भांगसी मातेच्या गडाच्या पायथ्याशी माळ मोकळा आहे. गडावर मंदिर आहे, भाविकांची ये-जा असते. आपण वर सायकल नेण्याचा हट्ट करू नये, खालच्या माळावरच फिरावे. मुलांना गिअर बदलणे, उतारावर सीटवरून थोडे उठून उभे राहणे, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबणे हे शिकवायला ही जागा चांगली. जवळच माळीवाड्याला समृद्धी महामार्गाचा फाटा आहे. तिकडे वळायचे नाही, त्या महामार्गावर सायकलला परवानगीच नाही.

दुसरी वाट दौलताबादहून खुलताबादची. ही डांबरी, पण जुन्या वाटांची आई. किल्ल्याच्या बाहेरच्या तटातल्या दरवाजातून रस्ता जातो. तिथे एका वेळी एकच मोठी गाडी मावते, म्हणून उजाडताच ओलांडावा. सीताफळांच्या दिवसांत रस्त्याकडेला टोपल्या लागलेल्या असतात. पुढे घाट. साध्या सायकलवाल्या मुलांनी उतरून सायकली ढकलल्या, त्यात कमीपणा काही नाही. याच रस्त्यावर कागजीपुरा लागतो. १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हाच्या कारागिरांशी इथल्या हातकागदाचे नाते जोडले जाते. कागद हाताने बनतो हे शहरातल्या मुलांना खरे वाटत नव्हते. लगदा, जाळी, वाळत घातलेले ताव या गोष्टी त्यांना इथे कळल्या.

त्याच काळात दिल्लीहून सूफी मंडळीही या वाटेने वर आली. हजरत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब यांचा १३३७ साली इंतकाल झाला, त्यांची मजार खुलताबादलाच आहे. गावाला जुनी माणसे अजून रौजाच म्हणतात. खडकी वसवून या मुलखाला पाण्याची नहर देणारा मलिक अंबर १६२६ साली वारला, तोही इथेच दफन आहे. पठारावर इतक्या कबरी विखुरलेल्या आहेत की कित्येकांवर नाव नाही, नुसता दगडांचा चौथरा. म्हणून आम्ही मुलांना एक नियम घालून दिला. कबर दिसली की सायकलवरून उतरायचे, सलाम म्हणायचा आणि वळसा घालून जायचे. वाट कितीही सरळ दिसो, कबरीवरून चाक जाता कामा नये.

तिसरी वाट म्हैसमाळची. खुलताबादहून सुमारे १२ किलोमीटर. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, तर म्हैसमाळ १०६७ मीटरवर. यावरून चढाचा अंदाज येईल. आम्हा मोठ्यांना वर पोहोचायला दोन तास लागले आणि त्यात चार वेळा पाणी पिण्याच्या नावाखाली बसलो. गिरिजा मातेचे मंदिर आणि दूरदर्शनचा मनोरा ओलांडला की पठार मोकळे होते. इथे खरा माळ आहे. झाड तुरळक, वारा भरपूर, गवत गुडघ्यापर्यंत. पठाराच्या कडेकडेने गुरांच्या वाटा जातात. कड्यापासून दहा पावले आत राहावे, कारण वाऱ्याचा झोत अचानक येतो. परतताना सगळा उतार. चढताना कुरकुरणारी मुले उतरताना एकमेकांना "हळू, हळू" ओरडत होती आणि कुणीच हळू जात नव्हते. अर्ध्या वाटेवर थांबवून ब्रेकच्या रिमला हात लावून पाहिला, चटका बसला. मग दहा मिनिटे सगळ्यांना सावलीत बसवले.

शूलिभंजनचा माळ या दोन्हींच्या मधला. एकीकडे दत्ताचे स्थान, संत एकनाथांनी तप केल्याची जागा. दुसरीकडे परियों का तालाब आणि त्याच्या काठी हजरत गंज रवाँ यांची दर्गा. सकाळी तिथे तलावावर धुके होते. वजू करून आम्ही काठावर नफल नमाज पढलो. आपल्याकडून किबला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला येतो. मुलांनी सूर्याच्या सावलीवरून दिशा काढली आणि मग फोनवर पडताळली. बरोबर निघाली, तेव्हा त्यांना फोनपेक्षा सावलीचे जास्त कौतुक वाटले.

दादींची वाट

खुलताबादच्या मुक्कामात एक वाट आम्हाला कोणत्याही नकाशाशिवाय मिळाली, ती दादींकडून. दादींचे माहेर गंगापूर तालुक्यातले. त्या लहान असताना उरुसाला घरच्या बैलगाड्या निघत. गाड्या डोंगराखाली सोडायच्या आणि बायका-मुलांनी भाकरीची गाठोडी डोक्यावर घेऊन पायवाटेने रौज्याला चढायचे. वाटेत एक बारव आणि तिच्याशेजारी जुने वडाचे झाड होते, असे त्यांना आठवत होते. "आमच्या अम्मीला त्या वडाखाली बसल्याशिवाय पुढचं पाऊल टाकवायचं नाही," त्या म्हणाल्या.

हे सगळे त्या बोलल्या, त्यामागे एक कारण होते. आमच्या मोठ्या लेकीचे यंदा दहावीचे वर्ष. तिची सायकल पुढच्या वर्षी धाकट्या चुलतभावाला द्यायची, असे दादींनी घरात जाहीर केले होते. मुलगी मोठी झाली, आता कॉलेजला रिक्षा लावा. यात दादी काही जगावेगळे बोलत नव्हत्या. आमच्या शाळांत आठवी-नववीपर्यंत मुली सायकलने येतात. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून ठरावीक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यामुळे गळती थांबायला मदतच झाली आहे. पण दहावीचा निकाल लागला की कित्येक सायकली ओसरीत उलट्या उभ्या राहतात. पुढे रिक्षाचे भाडे परवडत नाही, बसची वेळ जुळत नाही आणि कॉलेजही सुटते. वर्गात पटावर एखादे नाव कमी होते, तेव्हा त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

लेकीने दादींशी वाद घातला नाही. तिने वही काढली आणि विचारले, "दादी, वड डाव्या हाताला होता की उजव्या?" दादी तासभर सांगत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही खाली उतरून ती वाट शोधली. बारव सापडली, गाळाने अर्धी भरलेली. वड नव्हता, फक्त त्याचा पार होता. वाट मात्र होती. चढाचा भाग सायकल ढकलत, पण मधली सपाटी पाव तास चालवता येईल अशी. लेकीने पाराचा फोटो काढून आणला.

दादींनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. मग विचारले, "तू पार चलाके गई? अकेली?"

"अकेली नहीं दादी. अब्बा थे, सब थे. लेकिन चलाई मैंच."

दादी एवढेच म्हणाल्या, "दुपट्टा चाक में नको जाने देव." सायकल चुलतभावाला देण्याचा विषय त्यांनी त्यानंतर काढलेला नाही. आम्हीही काढला नाही.

पडदा आणि सायकल यांचा झगडा आहे असे आम्हाला वाटत नाही. सैलसर कुर्ता-पायजमा, पिन लावलेला स्कार्फ, चेनवर झाकण असलेली सायकल आणि घरच्यांची सोबत, एवढ्याने काम भागते. प्रश्न कपड्यांचा कमी आणि सवयीचा जास्त असतो. घरातली मोठी माणसे स्वतः बरोबर निघाली की मुलीचे निघणे कुणाला खटकत नाही. आमच्यापैकी दोघी मातांनी चाळिशीत पुन्हा सायकल हाती घेतली. एकीला साखरेसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितले होते, तिने चालण्याच्या जोडीला हे घेतले.

वाट कुणाची?

परत आल्यावर आम्ही वाळूजच्या जवळपास दर रविवारी जाता येईल अशी वाट पाहू लागलो. गावाच्या नकाशात एक पायवाट मिळाली, माळावरून डोंगराच्या पायथ्याला जाणारी. प्रत्यक्षात गेलो तर अर्ध्यावर नवे तारेचे कुंपण. आत प्लॉटच्या खुणा रोवलेल्या, पलीकडे मुरूम उकरलेला खड्डा. आम्ही सायकली फिरवणार, तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई चाऱ्याचा भारा घेऊन आल्या. त्यांनी भारा कुंपणावरून पलीकडे टाकला आणि स्वतः तारेखालून सरपटत गेल्या. "रोजचंच आहे," त्या म्हणाल्या, "सडकेनं गेलं तर चार मैल पडतंय."

आमच्यासाठी ती रविवारची मौज होती, त्यांच्यासाठी रोजची भाकरी. म्हणून आम्ही थोडी चौकशी केली, ती वाचकांच्याही कामी यावी. जुन्या वहिवाटीच्या रस्त्यात कुणी अडथळा केला तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत. शेतात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. तहसीलदारांकडून स्थळ पाहणी होते, पंचनामा होतो, वाट कोण आणि किती दिवसांपासून वापरते हे विचारले जाते. बाई आणि आणखी काही शेतकऱ्यांनी अर्ज दिला आहे. नकाशाची प्रत आमच्याकडे होती, ती आम्ही त्यांना दिली आणि अर्ज लिहून देण्याचे काम केले. निकाल अजून यायचा आहे.

वहिवाट हा आपल्या भाषेतला फार चांगला शब्द आहे. वाट वाहती राहिली तर हक्क राहतो. चालणे थांबले की आधी तिथे बाभूळ उगवते, मग कुणीतरी तार ओढते आणि दहा वर्षांनी इथे वाट होती हे सांगणाराही उरत नाही.

इंग्लंडमध्ये आपल्या माळासारख्या, पण ओलसर आणि झुडपांच्या उंच प्रदेशाला मूर म्हणतात. मँचेस्टरच्या जवळ पीक डिस्ट्रिक्ट नावाचा असाच भाग आहे. एकेकाळी तो बड्या जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला होता आणि कारखान्यांतल्या कामगारांना तिथे पाय ठेवायला बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण कामगार मुद्दाम किंडर स्काउट नावाच्या पठारावर चालून गेले. पाच जणांना कैद झाली. पण विषय पेटला आणि १९५१ साली हाच प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला. पुढे १९६८ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये घोड्यांच्या जुन्या वाटांवर सायकलला हक्क मिळाला, एका अटीसह. पायी चालणारा किंवा घोडेस्वार आला तर सायकलवाल्याने त्याला आधी वाट द्यायची.

ही अट वाचून आम्हाला परकेपणा वाटला नाही. अल्लाहच्या रसूलांनी, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, रस्त्याचाही हक्क असतो असे शिकवले आहे. नजर खाली ठेवणे, कुणाला त्रास न देणे, सलामाचे उत्तर देणे, भले सांगणे आणि वाईटापासून रोखणे हे त्यात येते. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे ही तर ईमानाच्या शाखांपैकी एक. माळावर याचा अर्थ अगदी सरळ होतो. चारा घेऊन येणारी बाई दिसली की सायकल थांबवून बाजूला व्हायचे. गुरे दिसली की घंटी वाजवायची नाही, ती बुजतात. फाटक जसे होते तसे लावून जायचे. उभ्या पिकातून, ओल्या बांधावरून सायकल घालायची नाही. बाभळीची काटेरी फांदी वाटेत दिसली तर उचलून कडेला टाकायची. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला पायी जाणारे भाविक घाटात असतात, उरुसात जायरीन असतात. त्या दिवशी वाट त्यांची. आणि अभयारण्याच्या हद्दीत, लेण्यांच्या माथ्यावर किंवा किल्ल्याच्या तटावर सायकल नेऊ नये.

निघण्यापूर्वी

सायकल नवी घ्यायची गरज नाही, पण ब्रेकचे रबर नवे असावे. टायर दोन इंचांच्या आसपास रुंद असले तर मुरमावर धरतात. कच्च्या वाटेवर हवा डांबरी रस्त्यापेक्षा कमी ठेवावी, म्हणजे दगडावर चाक उसळत नाही. मात्र इतकी कमी नको की रिम दगडाला आपटेल. आपल्या माळावरचा खरा शत्रू बाभळीचा काटा. चार दिवसांत आमचे सात पंक्चर झाले. पंप, जास्तीची ट्यूब, पंक्चरची पट्टी आणि चाक काढायचा पाना प्रत्येक गटाकडे हवाच. काटा ट्यूबला भोक पाडून टायरमध्ये तसाच बसलेला असतो. टायरच्या आतून जपून बोट फिरवून तो काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये, नाहीतर तीही जाते. हे काम मुलांनाच शिकवा. आमच्यात सर्वांत जलद ट्यूब बदलते ती सातवीतली मुलगी.

पाणी माणशी दोन लिटर. माळावर हॉटेल नाही आणि पाझर तलावाचे पाणी पिण्याजोगे नाही. खजूर, केळी आणि गूळ-शेंगदाणे पुरेसे होतात. नान-खलिया परतल्यावर. हेल्मेट सर्वांना. घरी कोणत्या वाटेने जातोय हे सांगून निघावे, कारण डोंगराच्या आडोशाला फोन लागत नाही. एकट्याने जाऊ नये, अंधार पडण्याआधी परतावे.

साजापूरच्या बाजूने रविवारी सकाळी आम्ही निघतो. तीन घरांची आता पाच झाली आहेत. कुंपण अजून तिथेच आहे, पण वाटेवर आमच्या चाकांचे ठसे आणि चाऱ्याचा भारा नेणाऱ्या बाईंच्या पायांचे ठसे दर आठवड्याला ताजे असतात. तुमच्या गावाच्या नकाशातही अशी एखादी तुटक रेषा असेल. तलाठ्याला विचारा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याआधी विचारा आणि मुलामुलींना घेऊन एकदा तिच्यावरून जाऊन या.